पिंप नुसतं ओतू नका, घासा

ती. बाबा आणि ती. आई यांना सा. न.

काल फोनवर आई म्हणाली की गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघालेत. लगेच पुढे म्हणाली, "पण आपल्या घरात कुठं घाण आहे? आपल्याला नाही व्हायचा." तेवढ्यावर फोन ठेवला, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आई, डेंग्यूच्या डासाला घाण लागत नाही. गटारात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस वेगळा. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. त्याची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्याशी अंडी घालते. आणि आपल्या बार्शीत पाणी साठवल्याशिवाय संसार होत नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मागच्या दारी हौद, न्हाणीत पिंपं, स्वयंपाकघरात रांजण. उन्हाळा काढलेल्या माणसाला "पाणी साठवू नका" असं सांगायचं तोंड मला नाही. साठवा. फक्त आठवड्यातून एकदा त्या भांड्यांचा तळ दिसू द्या.

बाबा, १९७३ ची साथ तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. घरंच्या घरं अंथरुणावर, भिंत धरून उठणारी माणसं, असं तुम्ही सांगायचात. ती चिकनगुनियाची साथ. पुण्याच्या विषाणू संस्थेच्या लोकांनी तिचा अभ्यास केला, आणि या आजारावरच्या शोधनिबंधांत बार्शीचं नाव अजून येतं. नंतर तीसेक वर्षं हा आजार देशातून गेल्यासारखाच होता, तो २००५-०६ मध्ये पुन्हा उसळला. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं आधीच आहे. चिकनगुनियात ताप उतरतो, पण सांधे कित्येक महिने धरून राहतात, आणि उतारवयात जास्तच. मला त्याची फार काळजी वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एडिसची मादी अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच राहतात. कोरडी पडली तरी महिनोन् महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, आतून काथ्यानं खसखसून घासावं लागतं, विशेषतः काठाकडून. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. नळ यायच्या आदल्या दिवशी पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हाच घासा म्हणजे वाया काही जात नाही. तळाचं गढूळ पाणी कोरड्या मातीवर ओता, गटारात नको. मातीत अळ्या जगत नाहीत. बाबा, पिंप तुम्ही कलंडवायचं नाही. शेजारच्या पोराला हाताखाली घ्या, त्याचे पैसे मी पाठवते. घासून भरलं की जुन्या धोतराचं फडकं दोरीनं घट्ट बांधा. पत्र्याचं झाकण तिरकं बसतं, त्या फटीतून डास आरामात आत जातो.

हौद घासणं तुम्हाला जमणार नाही. त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. आरोग्यसेविका आल्या की त्यांच्याकडे मागा. आणि आई, त्या वापरायच्या पाण्यात अॅबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकायला लागल्या तर नको म्हणू नकोस. ठरवून दिलेल्या मापात ते साठवलेल्या पाण्यासाठीच वापरतात. तुझं मन होत नसेल तर प्यायची कळशी वेगळी ठेव आणि ती रोज धू.

फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, तुळशीशेजारच्या कुंड्यांखालच्या थाळ्या, माडीवर टाकलेला जुना टायर, हेही बघा. हा डास फार लांब उडत नाही. आपल्याला चावणारा बहुतेक आपल्या किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो, म्हणून पलीकडच्या काकूंनाही सांगा. धुराची गाडी आली की बाबांना बरं वाटतं, पण त्या धुरानं फक्त उडते डास मरतात, हौदातल्या अळ्यांना काही होत नाही. दोन-चार दिवसांत नवे डास तयार.

एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. तुम्ही मच्छरदाणी रात्री लावता, ती मलेरियाच्या डासासाठी ठीक. पण आई दुपारी ओसरीवर पडते तेव्हाही हवी. कॉइल बंद खोलीत लावू नका, बाबांच्या छातीला तो धूर सोसणार नाही.

एवढं करूनही ताप आला तर पहिल्याच दिवशी मला फोन करा, "बघू दोन दिवस" नको. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घ्यायचं नाही, आणि कमरेतलं इंजेक्शनही नाही. आपल्याकडे ताप म्हटलं की ते टोचून घ्यायची सवय आहे. डेंग्यूत त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. बाबा, तुमची हृदयाची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी करून घ्या. पेज, ताक, वरणाचं पाणी घेत राहा. आईला साखर आहे, तेव्हा शहाळं किती चालेल ते विचारूनच.

आणि ताप उतरला की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात, नेमका तेव्हाच डेंग्यूचा धोका सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं एकही दिसलं तर पपईच्या पानांचा रस करत बसू नका, रिक्षा बोलवून थेट दवाखान्यात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी पुण्याहून निघतेच.

खिडक्यांना जाळी बसवायची आहे. बाबा, माडीच्या दोन आणि स्वयंपाकघराची एक, अशी मापं फुटांत घेऊन कळवा, चौकटीच्या आतून घ्या. न्हाणीच्या झरोक्याचंही घ्या. माणूस मी इथून ठरवते.

तुमची,
ताई