ऑपरेशनची तारीख पुढे ढकला

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मिरजेच्या सीटीची सीडी मिळाली, नीट बघितली. बाबा, तुम्ही ऑपरेशनची तारीख घेतलीत, पण ती थोडी पुढे ढकला. रोज असेच स्कॅन वाचते, त्या जोरावर सांगतेय.

आईच्या स्वादुपिंडाच्या शेपटातली ती दीड सेंटिमीटरची गाठ, आत्या म्हणते तसला स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर वाटत नाही. तो कॅन्सर शिरेतून औषध सोडलं की बहुतेक वेळा आजूबाजूच्या भागापेक्षा काळपट दिसतो. आईची गाठ पहिल्याच टप्प्यात, औषध धमन्यांमध्ये असतानाच, लख्ख उजळली आहे. अशा वेळी मुख्यतः दोन शक्यता असतात. एक न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ, जो रिपोर्टात लिहिलाय. तो दुर्मिळ असतो, बहुधा सावकाश वाढतो आणि २ सेंटिमीटरच्या आत असेल तर कधीकधी नुसती देखरेखही पुरते.

दुसरी शक्यता जादा प्लीहेची. प्लीहा म्हणजे पोटात डावीकडे असणारा, रक्त गाळणारा अवयव. १० पैकी निदान एका माणसाला मूळ प्लीहेशिवाय असा छोटा तुकडा जन्मतःच असतो, आणि तो कधीकधी नेमका या शेपटात दडतो. तो निघाला तर ऑपरेशनच नको!

पेट स्कॅन झाला की सगळं कळेल, असं तुम्हाला सांगितलंय. पण तो गॅलियमचा डोटा पेट इथे फसवू शकतो, कारण त्यात शिरेतून सोडलेलं किरणोत्सारी औषध न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर घेतो आणि प्लीहाही घेते. म्हणून आधी टेक्नेशियमचा लाल पेशींचा स्कॅन करू. आईचं थोडं रक्त काढतात, त्यातल्या लाल पेशींना टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावून त्या हलक्या तापवतात आणि परत शिरेत सोडतात. अशा दुखावलेल्या पेशी प्लीहा अडवून ठेवते. गाठही तशीच उजळली, तर ती प्लीहाच.

आई, हे सगळं तुझ्या शुगरपायी. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटात जास्त दाटीनं असतात. तो भाग काढला की शुगर आणखी बिघडू शकते, शिवाय त्यासोबत बऱ्याचदा मूळ प्लीहाही काढावी लागते. गरज असेल तर करूच, मी स्वतः थिएटरबाहेर बसेन. पण गाठ कसली आहे ते न कळता तुला टेबलावर झोपवायला माझं मन धजत नाही.

मुतखड्याच्या वेळचा जुना सीटी कपाटात असेल, तो शोधा. गाठ तेव्हाही एवढीच होती का, ते बघायचंय. व्हॉट्सअॅपवर फिल्मचे फोटो नकोत, त्यात छटा कळत नाहीत. सीडीच दादाबरोबर पुण्याला पाठवा.

तुमची,
मुक्ता