ओंकारला, ऑस्ट्रेलियन सैन्याच्या कपूका इथल्या प्रशिक्षण छावणीच्या पत्त्यावर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोन हातात देत नाहीत म्हणालास, म्हणून कागद घेतला.

निघताना बसपाशी बोलायला नको होतं ते बोलले. लोकांच्या देशासाठी जीव कशाला द्यायचा, असं. त्यावर तू चिडलास, "आई, रेग सॉन्डर्स कोण ते आधी वाच." वाचलं बरं का. तीन रात्री.

हा ऑस्ट्रेलियातल्या गुंडिचमारा या मूळ रहिवासी लोकांमधला. आई लहानपणीच गेली, लेक कोंडा इथल्या मिशनच्या वस्तीवर आजीनं वाढवलं. वडील पहिल्या महायुद्धात लढलेले, आणि याचं नाव ज्या नातलगावरून ठेवलं तो 1918 साली फ्रान्समध्ये पडलेला. हे माहीत असून पठ्ठ्या 1940 मध्ये भरती झाला! तुझ्याच जातकुळीचा, घरच्यांचं ऐकायचं नाही. ग्रीसचं क्रीट बेट पडल्यावर वर्षभर जर्मनांपासून लपून राहिला, ग्रीक बोलायला शिकला. गावातल्या बायकांनी स्वतःच्या पोरांच्या तोंडचं काढून याला खाऊ घातलं असेल. तिथं मी वाचायची थांबले.

त्याचा धाकटा भाऊ हॅरीसुद्धा सैन्यात गेला. 1942 मध्ये न्यू गिनीत, गोनाला. परत आला नाही. तू हे सांगितलं नव्हतंस.

असो. 1944 मध्ये रेग अधिकारी झाला, त्यांच्या लोकांतला पहिलाच म्हणतात. वाचताना उगाच माझाच ऊर भरून आला. पण युद्ध संपल्यावर जपानला जाणाऱ्या फौजेत नाव द्यायला गेला, तर तिथं युरोपीय वंशाचेच हवे होते. लेक कोंडाची जमीनही तुकडे करून परत आलेल्या गोऱ्या सैनिकांना वाटली. पुढं कोरियासाठी माणसं हवी झाली तेव्हा हाच चालला! 1951 मध्ये काप्योंगला एक कंपनी याच्या हाताखाली होती. आणि 1967 पर्यंत देशाची अधिकृत लोकसंख्या काढताना या लोकांना धरतच नव्हते. सांग मला, लढताना आपला, मोजताना परका? तुझ्या छातीवर कुलकर्णी लिहिलेलं बघून उद्या कोणी...

लागले बघ भाषण द्यायला. माफ कर. तू म्हणशील, आई, ते दिवस गेले. गेले असतील. मी कुठं रेगच्या आजीइतकं सोसलंय.

तुझे जुने बूट मागच्या दारी तसेच आहेत. ते घालून तू अंगणात फेऱ्या मारायचास, तेव्हा स्वयंपाकघरातून मी मोजायचे. चाळिसाच्या पुढं गेलास की कुकर बंद करायची आठवण राहायची नाही.

काल संध्याकाळी फेऱ्यांचा आवाज आला. क्षणभर वाटलं, आलास. निखिल होता. तुझे बूट त्याला अजून मोठे होतात, पुढं कापूस कोंबला होता. मी काही बोलले नाही. तूच एकदा लिही त्याला. माझं नाव सांगू नकोस.

पायांना पावडर लावत जा.

तुझी,
आई