डाळिंबाला रोज पाणी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अंगणातल्या फळझाडांवरचा लेख वाचला. चिकू-पेरूपर्यंत ठीक होतं. पण डाळिंबाबद्दल ‘रोज सकाळी भरपूर पाणी द्यावे, बारा महिने फळे मिळतात’ हे वाचलं आणि राहवेना. माझं माहेर सांगोल्याचं, सासर चिपळूणचं. माहेरी वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी माणसं खूश असतात; इथे तीन हजारांच्या वर पडतो. त्यामुळे या झाडाचे दोन्हीकडचे नखरे मी पाहिलेत.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वडिलांनी एसटीतून मांडीवर धरून ‘गणेश’ जातीच्या डाळिंबाची गुटी, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, आणून दिली. मी तिला जास्वंदीच्या रांगेत लावलं आणि जास्वंदीसारखंच रोज पाणी घातलं. सात वर्षं! पानं हिरवीगार, लालभडक फुलांचा पायाशी सडा, फळ मात्र एक नाही. सासूबाई म्हणायच्या, “वडलांनी तुझ्या शोभेचं झाड दिलंय गो!” शेवटी वडीलच एका ऑक्टोबरात आले, बुंध्याशी ओल चाचपली आणि एवढंच म्हणाले, “पाणी तोड.”

आमच्याकडे त्याला ताण देणं म्हणतात. ताण बसल्याशिवाय डाळिंब एकजात कळी धरत नाही. देशावर तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, आहेत, आंबे, मृग आणि हस्त. त्यातला सोयीचा एक धरायचा. कोकणात मृग धरलात तर फुलं पावसात कुजतात. आंबे बहाराची कळी जानेवारी-फेब्रुवारीतली, म्हणजे फळ पिकणार ऐन पावसात. ते तडकतं आणि सडतं. उरला सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त, तोही इथे उशिरानेच धरावा लागतो, कारण पाऊस गेल्याशिवाय ताण कसा बसणार?

मी करते ते असं. पाऊस सरला की पाणी बंद. तीन-चार आठवड्यांत पानं पिवळी पडून गळतात, झाड अर्धं उघडं पडतं. शेजारणी हळहळून विचारून जातात, आपण मन घट्ट करायचं. मग वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या काड्या छाटून, माती हलवून दोन घमेली शेणखत घालायचं. पहिलं पाणी बेताचं. महिनाभरात कळी दिसते. त्यातली बरीच गळणार, घाबरू नका. निमुळत्या बुडाची फुलं नर असतात, ती गळतातच. घटासारखं पोट असलेली धरतात. त्यानंतर मात्र पाण्यात खंड नको. एका मार्चात मी आठ दिवस मुलाकडे गेले, आल्यावर झाडाची दया येऊन एकदम चार बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी निम्मी फळं उकलली.

पहिल्या वर्षी मे महिन्यात अकरा फळं मिळाली. दाणे फिकट गुलाबी, माहेरच्यापेक्षा फिकेच, पण बी मऊ. फळ गोटीएवढं झालं की मी जुन्या धोतराच्या पिशव्या बांधते, म्हणजे फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीचं फुलपाखरू त्यावर अंडी घालत नाही. वानरांना मात्र गाठ सोडता येते, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

हल्ली सगळ्यांना लाल दाण्यांचा ‘भगवा’ हवा असतो. सुनेने डोंबिवलीच्या गच्चीवर ड्रममध्ये लावण्यासाठी एका रोपवाटिकेतून ‘भगवा’ म्हणून रोप घेतलं. फळ आलं ते लिंबापेक्षा थोडं मोठं, आंबटढाण आणि दाणे पांढरट. रोप बियांचं होतं. बियांपासून आईसारखंच झाड येईल याचा भरवसा नाही, म्हणून गुटीचंच मागून घ्यावं. ड्रममधल्या झाडाचं एक सुख आहे, सप्टेंबरात ते पत्र्याखाली सरकवून पावसातही ताण देता येतो. ड्रमच्या बुडाला भोकं मात्र भरपूर हवीत.

आपल्या लेखकांनी एवढं सगळं माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. सोलापुरात 2005पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे एक फोन केला असता तरी ‘रोज भरपूर पाणी’ छापलं गेलं नसतं.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. उशीर करू नये. हा मजकूर पोचेल तेव्हा पाऊस परतीला लागलेला असेल आणि लेख वाचून लोक पाइप लावून बसलेले असतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण