सर, तुम्हीच सांगितलंता की

मिरज,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय गोली,

चार महिने पत्र नाही, हे तू मोजलं असशीलच. गोलकीपर म्हणून खाल्लेले गोल सोडून बाकी सगळं मोजायची तुझी सवय जुनी आहे. माझी तब्येत ठीक. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, आईचं बीपी गोळीवर आहे. झालं तब्येतीचं.

कोच म्हणून आज फुटबॉलची सेमीफायनल हरलो, 2-1. हरल्याचं दुःख दोन वडापावांत संपतं, ते तुलाही माहीत आहे. पण मॅच संपल्यावर आपला राइट आउट, उजव्या विंगचा पोरगा, बूट काढता काढता म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलंता की." ते काही डोक्यातून जाईना. घरी सांगितलं तर "होतं असं" म्हणाले. क्लबात सांगावं तर पोरालाच शिव्या पडतील. राहिलास तू.

तो डावखुरा पोरगा तुला आठवतोय ना? दिवाळीत तू त्याला अर्धा तास बघितलंस आणि म्हणालास, "हा पायानं विचार करतो, ह्याला फार बोलू नकोस." मी बोललो.

बोलायला कारण होतं, उगाच नाही. आधीच्या दोन मॅचमध्ये तो बॉल यायच्या आधीच आत सरकायचा. उजव्या बाजूला डावखुरा लावला की त्याला आतली ओढ असणारच, आत आल्यावर डावा पाय गोलकडे उघडतो. भारताचा आपला विंगर छांगटे मुंबई सिटीसाठी तेच करत आलाय, उजवीकडून आत आणि डाव्यानं शॉट. पण छांगटे बॉल घेऊन आत येतो, आमचा पठ्ठ्या बॉलच्या आधी येतो. मग त्याच्या पाठोपाठ त्याला धरणारा त्यांचा लेफ्ट बॅक आत, तिथं मधला बचाववाला म्हणजे स्टॉपर, मधल्या फळीतला हाफ आणि आपला सेंटर फॉरवर्ड आधीच उभे. 68 मीटर रुंदीच्या मैदानावर सगळी जत्रा 25 मीटरमध्ये. म्हणून शुक्रवारी सरावाला ठणकावून सांगितलं, "कडेची लाइन सोडायची नाही. बुटाला चुना लागला पाहिजे."

पहिला हाफ सोन्यासारखा गेला. त्यांचा लेफ्ट बॅक सवयीनं आत चिकटून, पोरगा लाइनवर एकटा. त्यानं कडेवरून गोलसमोर मारलेल्या तिसऱ्या क्रॉसवर गोल. मी बाकावर असा बसलो होतो की जणू तो गोल मीच घातला. हाफटाइमला त्यांच्या कोचनं, माणूस हुशार, बॅकला बाहेर लाइनवर पाठवलं. आता बॅक आणि स्टॉपर यांच्यामध्ये आठ-दहा मीटरचं भगदाड, हळदीचा ट्रक आडवा जाईल एवढं. आपला पठ्ठ्या मात्र लाइनवरच, बॅकच्या खांद्याला खांदा लावून. दरम्यान 1-1 झालं. शेवटची दहा मिनिटं राहिली असताना आपल्या हाफनं मान वर केली, पास त्या भगदाडातच द्यायचा होता. पोरानं एक पाऊल आत टाकलं. मग बाकाकडे बघितलं. मग ते पाऊल मागं घेतलं. बॉल भगदाडातून सरळ त्यांच्या गोलीच्या हातात, त्यानं लांब फेकला, आणि पुढचं तू समजून जा.

चूक पोराची नाही. मी त्याला जागा सांगितली, ती जागा कशामुळे चांगली आहे ते सांगितलं नाही. लाइन चांगली होती कारण त्यांचा बॅक आत होता. बॅक बाहेर आला त्या क्षणी ती सूचना शिळी झाली. पण बॅककडे बघायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याच्याकडे फक्त माझा आवाज होता.

आता तू मिशीत हसत असशील. "बॉल त्यांच्याकडे असला की मी सांगतो ते ऐक, आपल्याकडे असला की तुझी अक्कल," हे तू गोलमधून किती वर्षं ओरडलास. आणि मी मागं यायचो नाही म्हणून कोल्हापुरात त्या कॉर्नरनंतर तू मला जे बोललास, ते मी अजून माफ केलेलं नाही. तो सुटलेला माणूस मी धरायचा नव्हता. असो. तुझा नियम अर्धा बरोबर होता, अर्धा म्हणतोय, हुरळू नकोस.

बॉल त्यांच्याकडे असताना विंगला सूचना लोखंडासारखी पाहिजे. त्यांच्या बॅकला सोडायचं नाही. दाबायला जाताना सरळ धावायचं नाही, बाहेरून वाकडं जायचं, म्हणजे बॅककडे जाणारा पास आपल्या सावलीत राहतो. बॉल गमावला की पाच सेकंद जीव तोडून मागे लागायचं, नाही मिळाला तर मुकाट आपल्या जागी. इथं अंतःप्रेरणा वगैरे काही नाही. कमीजास्त करायचं असेल तर ते संघानं आधी ठरवून, पोरानं मनानं नाही. 2024-25 मध्ये लिव्हरपूलला विंगर सालाहकडून मागं यायचं काम कमी घेतलं गेलं, त्यानं लीगमध्ये 29 गोल आणि 18 असिस्ट दिले आणि संघ चॅम्पियन झाला. पण त्याच्या मागची जागा भरायला हाफ पळत होते. आपले हाफ पळतील? पहिल्या वीस मिनिटांनंतर ते पाण्याची बाटली शोधतात.

बॉल पोराच्या पायात असतो तेव्हा मात्र कोचनं तोंडात गुळणी धरावी. डॉज, म्हणजे समोरच्याला चकवा, कधी मारायचा हे बाकावरून दिसतच नाही. समोरचा दीड-दोन मीटरवर आला की मारायचा. त्याहून जवळ गेलास तर तो पाय घालतो, लांबून मारलास तर त्याला सावरायला वेळ मिळतो. त्याच्या पुढच्या पायावर चालून जायचं, बॉलला बारीक टच, आणि त्याचं वजन एका पायावर गेलं की त्याच्या दुसऱ्या अंगानं निघायचं. निघाल्यावरचा पहिला टच मोठा, तीन-चार मीटर, आणि तो सुद्धा त्याच्या रस्त्यात आडवा, म्हणजे मागून येणाऱ्यानं एक तर थांबावं नाही तर फाउल करावा. आता ह्यात मी बाहेरून "मार, मार" ओरडलो तर पोराच्या पायाला दोन मालक होतात. आखाड्यात वस्ताद बाहेरून "पट काढ" ओरडतो, पण पट निघतो तो हाताला लागल्यावर. कोल्हापूरचं अर्धं फुटबॉल तालमीतून आलंय, तरी हे आपल्याला कळत नाही.

तुझा नियम अर्धा राहतो तो ह्या दोन्हींच्या मधला वेळ. बॉल आपल्या संघाकडे, पण विंगकडे नाही. नव्वद मिनिटांतला त्याचा बराचसा वेळ ह्यातच जातो. तू म्हणायचास अक्कल, मी शुक्रवारी जागा सांगितली. दोन्ही चूक. इथं त्याला बघायचं काय, ते सांगायचं. बॅक आत गेला की लाइन. बॅक लाइनवर आला की आत, बॅक आणि स्टॉपरच्या मध्ये. आपला राइट बॅक बाहेरून वर आला की विंगनं त्याला लाइन मोकळी करून द्यायची. बॉल पलीकडच्या विंगला असला आणि तिकडून क्रॉस येणार असला की गोलच्या लांबच्या खांबाकडे, पण उशिरा आणि त्यांच्या बॅकच्या पाठीमागून, त्याला दिसशील असा नाही. चार वाक्यं. पाचवं सांगितलं की पोरं पहिलं विसरतात.

एटोचं घे. 2 मे 2009, बार्सिलोना रेआल माद्रिदच्या मैदानावर. कोच ग्वार्दिओलानं मेस्सीला मधे आणलं आणि एटोला, अस्सल सेंटर फॉरवर्डला, उजव्या विंगवर टाकलं. 6-2. मेस्सीचं नाव झालं. त्याच महिन्यात रोममध्ये मँचेस्टर युनायटेडशी चॅम्पियन्स लीगची फायनल, दहाव्या मिनिटाला उजवीकडे बॉल मिळाला, एटो त्यांच्या बचावातल्या व्हिडिचला चुकवून आत आला आणि जवळच्या खांबात बुटाच्या टोकानं ढकलला. जागा विंगरची, पण शेवटचे दोन टच सेंटर फॉरवर्डचे, ते त्याला कुणी सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी इटलीच्या इंटरकडून त्याच बार्सिलोनाविरुद्ध सेमीफायनलला, इंटरच्या मोट्टाला लाल कार्ड पडल्यावर, तो जवळजवळ लेफ्ट बॅक होऊन राबला. 1-0 हरले, पण दोन्ही मॅच मिळून 3-2 नं फायनलला गेले आणि ती जिंकले. तू एटोला "हमाल" म्हणायचास. हमालच म्हण, पण बॉल पायात आला की हमाली सोडायची हे त्याला बरोबर कळायचं.

विंगर ग्रीलिशचं उलट झालं असं आपला पंच म्हणतो. मँचेस्टर सिटीनं 2021 मध्ये 10 कोटी पौंड मोजले, आधीच्या क्लबात, ॲस्टन व्हिलाला, बॉल घेऊन चार जणांत घुसणारा पोरगा तिथं बॉल धरून मागं पास द्यायला लागला. मला पंचाचं पटत नाही. 2023 ला तीन कप आले त्यात त्याच्या धरून ठेवण्याचा वाटा आहे, इतर दहा जणांना दम खायला मिळतो. फक्त त्यांना परवडतं, पुढं लीगमध्ये 36 गोल मारणारा हालंड होता. आपल्या सेंटर फॉरवर्डनं गेल्या पाच मॅचमध्ये एक मारलाय, तोही त्यांच्या बॅकच्या पाठीला लागून.

त्याचंही ऐकून घे. सगळे म्हणतात फॉर्म गेला. मी वहीत शॉट मांडले. पाच मॅचमध्ये 14 शॉट, त्यातले 10 डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनाच्या, बाहेरून. पेनल्टी शंभरात 75 च्या वर जातात, आणि डीच्या बाहेरचा शॉट शंभरात तीन-चार गेला तर नशीब. म्हणजे पाय बिघडलेला नाही, उभं राहायची जागा बिघडली. आणि जागा बिघडली घाईनं. गोल नाही म्हणून बॉल मिळाला की मारतो. क्रॉस यायच्या आधीच जवळच्या खांबाकडे पळतो आणि बॉल येईपर्यंत तिथं उभा राहून स्टॉपरची संगत करतो. क्रॉस मारणाऱ्याचा शेवटचा टच बघून निघायचं, आधी दोन पावलं उलट दिशेला, मग बॅकच्या पुढून. एवढं जमलं तर बास. हेन्री 1999 मध्ये आर्सेनलला आला तेव्हा विंगवरून मधे आणला होता, सुरुवातीला कितीतरी मॅच गोल नाही, आणि सीझन संपला तेव्हा 26. कोच वेंगरनं जागा बदलली नाही. मी आमच्याला दोन मॅच बाहेर बसवायला निघालो होतो. वही मांडली म्हणून वाचला.

शॉट खाली आणि लांबच्या खांबाकडे मारायला सांगितलंय. लागला तर गोल, नाही तर गोलीच्या हातून सुटून मधे येतो. तुम्ही गोली लोक वाकायला आळशी, हे मी त्यांना तुझं नाव न घेता सांगितलं.

आता मंगळवारचा सराव. असं ठरवलंय, चुकत असेल तर कळव. उजव्या बाजूला 20 मीटर रुंद पट्टा, डीच्या रेषेपर्यंत. पास देणारा 15 मीटरवर. बॅकला मी पोराच्या पाठीमागून बोटानं खूण करणार, एक म्हणजे लाइनवर, दोन म्हणजे आत. पास निघायच्या आधी पोरानं मान वळवून बघायचं आणि आकडा ओरडायचा. ओरडला नाही तर पास नाही. मग अर्धं अंग उघडं ठेवून लांबच्या पायावर बॉल घ्यायचा, म्हणजे लाइनही दिसते, आतही दिसतं. आठ बॉल, मग दीड मिनिट विश्रांती, असे चार फेरे. आठाच्या वर नको, दमलेला पोरगा बघत नाही, अंदाज बांधतो, आणि चुकीची सवय पक्की होते. तिसऱ्या फेरीपासून राइट बॅक बाहेरून पळणार, त्याला पास द्यायचा की स्वतः घुसायचं हे पोरानं ठरवायचं. त्या बाजूच्या शेवटच्या 30 मीटरमध्ये चारातले तीन बॉल गेले तरी मी बोलणार नाही. आपल्या हाफमध्ये डॉज मारला तर मात्र मैदानाला फेऱ्या.

आणि मी तोंड उघडायचं नाही. बॅकच्या जागी कोण ते ठरलंय, पण गोलमध्ये आपला गोली सतरा वर्षांचा, तो पोराला घाबरतो. तो पोरगा आत येऊन मारणार हे गोलीला कळलेलं असतानाही तो मारू शकला पाहिजे. विंगर रॉबेन डावखुरा, उजवीकडून आत येऊन मारणार हे जगाला माहीत होतं, तरी गोल व्हायचे, कारण कधी मारणार ते कळायचं नाही. आणि 2013 च्या चॅम्पियन्स लीग फायनलचा 89 व्या मिनिटाचा गोल त्यानं आत कट मारून नाही, मधून पळत जाऊन मारला. एकच डाव असलेल्या माणसालाही कधी दुसरं दार उघडं दिसतं. आमच्या पोराला आज दिसलं होतं रे. दिसलं होतं म्हणूनच पाऊल टाकलं.

तुझं सगळं ठीक ना? साताऱ्यात घर मिळालं का, की अजून लॉजवर? वहिनींना नमस्कार. धाकटी दहावीला ना यंदा, तिला म्हणावं गणिताला काका नाही, चित्रकलेला विचार. बदलीचं कळव.

मंगळवारी पोरगा येईल की नाही माहीत नाही. आज निघताना सायकलला टांग मारली आणि मागं बघितलं नाही. सकाळी त्याच्या घरी जाऊन "शुक्रवारी मी चुकीचं सांगितलं" एवढंच म्हणावं, की त्याच्या बापासमोर ते बोलू नये, हे तू सांग. बाप कुस्तीवाला आहे, कोचनं माफी मागितली तर पोरालाच दोन ठेवून देईल असं वाटतं. पत्राचा फोटो आत्ताच मोबाइलवर पाठवतोय, आज रात्रीच फोन कर, साडेअकरापर्यंत जागा आहे.

पुढच्या रविवारी ये. गोलमध्ये उभा राहा तासभर. येताना कंदी पेढे आण आणि ग्लोव्हज आण, इथल्या खोलीतले तुझे जुने उंदरांनी खाल्ले.

तुझा,
राइट आउट