जुना पाटा चालेल, जुना यू-बोल्ट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो. सफारीच्या मारुती जिप्सी खोलायला मिळतात त्या याच तीन महिन्यांत, आणि दर पावसाळ्यात गॅरेजांत एकच औषध चालते. मागचे पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बसले, म्हणजे चपटे झाले? घाला त्यात आणखी एक पाटा. ऑक्टोबरात गाडी उंच दिसते, मालक खूश होतो. दिवाळीपर्यंत पर्यटकांच्या कमरा बोलू लागतात आणि उन्हाळ्यात मेन पाटा (सर्वांत वरचा, सर्वांत लांब) तुटतो. हे टाळता येते, तेही कंपनीचेच जुने पाटे वापरून. फक्त ते निवडायचे कसे आणि जुन्यातले काय घ्यायचे नाही, हे कळायला हवे.

सॉफ्ट-टॉप जिप्सी किंग रिकामी असताना 985 किलोची. तिच्यात सहा पर्यटक, गाइड आणि चालक बसले की पाचशे किलो वाढतात आणि त्यातला मोठा वाटा मागच्या हाउसिंगवर (चाकांचा आस धरणाऱ्या नळीवर) येतो. पाटे बसणारच. पण आत घातलेला पाटा बहुतेक वेळा कुठल्यातरी पिकअपचा, जाड असतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 मिमीच्या पाट्यांत 8 मिमीचा एक घातला, तर तो एकटा मूळ पाट्याच्या 2.37 पट ताठ. वर तो आखूड असतो, त्यामुळे मेन पाटा पूर्ण लांबीने वाकायचा सोडून या घुसखोराच्या टोकापाशी वाकतो आणि नेमका तिथेच तडकतो. दोष मेन पाट्याला दिला जातो, दुसरा मेन पाटा येतो, तोही तिथेच जातो.

सामान्य ग्राहकाला नवी जिप्सी 2019 पासून मिळत नाही. लष्कर आणि पोलिसांनी लिलावात काढलेल्या गाड्यांचे पाटे मात्र भंगारवाल्यांकडे फिरत असतात; पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड या ओळखीच्या जागा. ‘लोकल’ नव्या पाट्यापेक्षा चांगला निघालेला कंपनीचा जुना पाटा आम्ही केव्हाही पसंत करू. त्याचे पोलाद आणि त्यावरची उष्णता-प्रक्रिया ठरलेल्या मापाची असते. लोकलमध्ये एका जोडीतल्या दोन पाट्यांचीसुद्धा कमान सारखी निघेल याची खात्री नसते.

दुकानदार ‘जिप्सीचाच आहे’ म्हणाला म्हणून पैसे देऊ नका. 1993 मध्ये रुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) जिप्सी आली, त्याआधीच्या अरुंद गाड्यांचा मालही त्याच ढिगात पडलेला असतो. आपला जुना संच काढून सोबत न्या, नाहीतर निदान मापे कागदावर न्या: पाट्याची रुंदी, व्हर्नियरने घेतलेली प्रत्येक पाट्याची जाडी, डोळ्याचा (मेन पाट्याच्या टोकाच्या गोल कडीचा) आतला व्यास, सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) डोक्याचा व्यास, आणि सेंटर बोल्टपासून पुढच्या व मागच्या डोळ्यापर्यंतचे अंतर वेगवेगळे. हे शेवटचे माप बहुतेक जण घेत नाहीत. ही दोन अंतरे सारखी नसतील आणि संच उलटा बसला, तर हाउसिंग एका बाजूला पुढे-मागे सरकते, गाडी तिरकी चालते आणि मालक अलाइनमेंटवर पैसे घालवत बसतो.

मग तडे. पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासा, डिझेल लावून दहा मिनिटे ठेवा, फडक्याने कोरडे पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तिथे आत शिरलेले डिझेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती, डोळ्याच्या वळणाखाली आणि खालच्या पाट्याचे टोक जिथे घासते त्या खाचेत नीट बघा. खाच नखाला लागण्याइतकी खोल असेल तर तो मेन पाटा नको. निळसर-जांभळी झाक दिसली तर कोणीतरी गॅसवर तापवून कमान मारली आहे. असा पाटा महिनाभरात पुन्हा बसतो. वेल्डिंगचा ठिपकासुद्धा दिसला तर तो पाटा भंगारातच राहू द्या. गंजाचे खड्डे तर ठोक्यांपेक्षा वाईट. लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीचा पाटा घ्यावा, पण सहा पावसाळे यार्डात उभ्या असलेल्या गाडीचा घेऊ नये. कोकणातून आलेला माल दोनदा तपासावा.

कमान जोडीने मोजायची. दोन्ही डोळ्यांच्या मध्यातून दोरी ताणा आणि सेंटर बोल्टपाशी दोरीपासून मेन पाट्यापर्यंतचे अंतर घ्या. डाव्या-उजव्यात 5 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ती जोडी नव्हेच. ताठपणा बघायचा तर संच उलटा करून डोळे तेल लावलेल्या लोखंडी पत्र्यावर टेकवा, म्हणजे टोके मोकळी सरकतील. मधोमध फळी ठेवून सिमेंटची चार पोती, म्हणजे 200 किलो, एकेक करून चढवा आणि प्रत्येक पोत्याला संच किती दबला ते लिहा. दोन्ही संचांचे आकडे जवळजवळ जुळले पाहिजेत. पोती घसरू शकतात, तेव्हा पाय लांब.

आता मुख्य काम. एक जुना संच तसाच्या तसा बसवण्यापेक्षा दोन-तीन संचांतून एक चांगला संच बांधणे, हीच खरी सुधारणा. सेंटर बोल्ट काढण्याआधी संच शिकंजात किंवा सी-क्लॅम्पमध्ये पक्का धरा; दाबलेले पाटे सुटताना उसळतात. सर्वांत निरोगी मेन पाटा आणि त्याखालचा दुसरा पाटा एकाच मूळ संचातले घ्या. बाकीचे निवडताना एक गोष्ट बघा: खालच्या प्रत्येक पाट्याची कमान वरच्यापेक्षा किंचित जास्त हवी. बोल्ट न आवळता एकावर एक ठेवले की टोके टेकतात आणि मध्ये 2 ते 4 मिमी फट राहते. फट अजिबात नसेल तर खालचा पाटा नुसता ओझे म्हणून फिरतो. 10 मिमी असेल तर आवळतानाच मेन पाट्यावर ताण चढतो. सफारीच्या भारासाठी एखादा पाटा वाढवायचाच असेल तर तो जिप्सीच्याच जाडीचा, दुसऱ्या संचातला तिसरा पाटा असावा. ताठपणा मग एका पाट्याच्या वाट्याइतकाच वाढतो. रिबाउंड क्लिप (पाटे बाजूंना एकत्र पकडणारी पट्टी) विसरू नका. क्लिप नसेल तर चाक खड्ड्यात लोंबकळताना सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो.

जिप्सीचा जो आडदांडपणा सांगितला जातो, त्यातला बराचसा पाट्यांमधल्या गंजाचा असतो. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, आणि छोट्या खड्ड्याला अख्खा संच एका लाकडी फळीसारखा वागतो. घासून स्वच्छ करा, टोकांच्या कडा फाइलने गोल करा, मध्ये ग्राफाइटचा पातळ लेप द्या. साधे ग्रीस चोपडू नका. ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडच्या मातीत त्याची आठ दिवसांत सँडपेपरसारखी लेई होते. एवढ्या कामानेच गाडी वेगळी वाटते, आणि खर्च जवळजवळ नाही.

जुने काय घ्यायचे नाही? यू-बोल्ट, म्हणजे संच हाउसिंगला आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट. एकदा आवळला की तो ताणलेला असतो आणि दुसऱ्यांदा तीच पकड देत नाही. सेंटर बोल्ट, नायलॉक नट, शॅकलच्या (पाट्याचे एक टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याच्या) पिना आणि सगळे रबरी बुश नवे घ्या. यू-बोल्टचे आटे नटाबाहेर निदान तीन तरी दिसले पाहिजेत. संच आधीपेक्षा जाड झाला असेल तर जुन्या मापाचे यू-बोल्ट पुरत नाहीत, ते आधीच बघा. शॉकअपही (शॉक अॅब्सॉर्बर) नवेच. जुना शॉकअप हाताने दाबून-ओढून ठीक वाटला तरी तेल गरम झाल्यावर तो काय करेल हे दुकानात कळत नाही. लांबी ठरवताना चाक पूर्ण लोंबते ठेवून आणि बंप स्टॉपला (चाक वर येताना अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकवून, अशी दोन्ही मापे घ्या. दोन्ही टोकांना दोनेक सेंटीमीटर शिल्लक राहिली पाहिजे. चाकाला अडवायचे काम शॉकअपचे नाही.

बसवताना चेसिसखाली घोड्या लावा, हाउसिंगखाली जॅक ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही सोडल्या तर हाउसिंग फिरते आणि ब्रेकच्या होजवर लटकते. शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट आधी नुसते हाताने लावा. शेवटचा पाना चाके जमिनीवर आल्यावरच. हवेत आवळले तर गाडी खाली येताच बुशचे रबर पिळले जाते आणि दोन-तीन महिन्यांत फाटते. नवे बुश ‘डुप्लिकेट निघाले’ ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते. मागच्या ब्रेकला लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह (भारानुसार ब्रेकचा जोर ठरवणारा) जोडलेला असेल तर उंची बदलल्यावर त्याचा दांडाही जुळवून घ्या. नाहीतर भरलेली गाडी त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

लांब शॅकल हा स्वस्त मोह आहे. शॅकल 2 इंच लांब केला तर गाडी जेमतेम 1 इंच उचलते. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांबवला की हाउसिंग पुढे झुकते, कॅस्टर (चाक वळते त्या आसाचा मागे झुकलेला कोन) घटतो, स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येत नाही आणि वेगात थरथरते. पाटे हाउसिंगच्या वर घेण्याचे काम तर आणखी पुढचे. उंची मिळते, पण प्रॉपेलर शाफ्टचे कोन, स्टिअरिंगची दांडी आणि ब्रेकचे होज सगळेच पुन्हा करावे लागते. शिवाय नोंदणीतले तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितले आहे. त्याच मॉडेलचे, त्याच मापाचे पाटे बदलणे आमच्या मते दुरुस्ती आहे. पर्यटक बसणाऱ्या गाडीत त्यापुढे जाऊ नये.

काम झाल्यावर 100 किलोमीटरला यू-बोल्ट पुन्हा आवळा, 500 ला परत. पाटे एकमेकांत बसतात तसे नट ढिले पडतात. यू-बोल्ट ढिला राहिला तर सेंटर बोल्ट कातरतो आणि हाउसिंग जागेवरून सरकते, तेही बहुधा चढावर.

वनविभागाला एक विनंती आहे. 1 ऑक्टोबरआधी गाड्या बघताना टायर आणि दिव्यांबरोबर मागच्या चाकाशी एकदा वाकावे. पाट्यांत एखादा वेगळ्या जाडीचा दिसतो का, शॅकल एका बाजूला झुकला आहे का, आणि यू-बोल्टखाली पाट्यावर चकाकती रेघ किंवा लालसर भुकटी आहे का, हे बघायला टॉर्च आणि दोन मिनिटे पुरतात. भुकटी दिसली तर ती गाडी त्या दिवशी आत सोडू नये.

आपले,
पाट्यांचे काम करणारे काही कारागीर,
चंद्रपूर