परदेशवारीआधी मैदानावरची मिनिटे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

४ जून २०२५ रोजी थायलंडने भारताला फुटबॉलमध्ये २-० असे हरवले, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक बातम्या प्रशिक्षक, क्रमवारी आणि पराभवाची कारणे यांतच अडकल्या. समोरचे खेळाडू तयार कसे होतात, याकडे फारसे कुणी वळले नाही. याच थायलंडला आपण जानेवारी २०१९ मध्ये आशियाई करंडकात ४-१ आणि त्याच वर्षी जूनमध्ये किंग्ज कपमध्ये त्यांच्याच बुरीरामच्या मैदानावर १-० असे नमवले होते. मधल्या काळात त्यांच्याकडे काय घडले, हे कळायला सुफानत मुआन्ता या एका खेळाडूची कारकीर्द बारकाईने पाहिली तरी बरेच काही हाती लागते.

सुफानतचा जन्म २ ऑगस्ट २००२ चा, ईशान्य थायलंडमधल्या सिसाकेत प्रांतातला. थोरला भाऊ सुफाचोक सारचात हाही राष्ट्रीय संघातला. दोघेही त्याच भागातल्या बुरीराम युनायटेड या क्लबाच्या अकादमीत घडले. (बुरीराम हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते, कारण ते मुळात 'पुरी' आणि 'रम्य'च आहे.) भातशेतीवर जगणाऱ्या, राजधानीपासून दूरच्या या भागात साधारण दीड दशकापूर्वी क्लब आला, २०११ मध्ये सुमारे ३२ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले आणि पंचक्रोशीतली मुले बँकॉकला न जाता तिथेच खेळू लागली.

२०१८ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, सुफानत बुरीरामच्या वरिष्ठ संघाकडून थाई लीगमध्ये उतरला आणि लीगमध्ये गोल करणारा सर्वांत लहान खेळाडू ठरला. बुरीराम त्या वेळी गतविजेता होता आणि त्या वर्षीही विजेतेपद त्यांनीच राखले. म्हणजे गमवायला काही उरलेच नाही अशा तळाच्या संघाने पोराला उतरवून पाहिले, असे झाले नाही. विजेतेपदासाठी झगडणाऱ्या संघाने त्याला मिनिटे दिली. या वयाच्या मुलाला आणायची रीतही ठरलेली असते. आधी संघ पुढे असताना शेवटची १५-२० मिनिटे. तीही मधल्या फळीत नव्हे, तर कडेला, कारण तिथे चेंडू गेला तरी मागे बचावाला माणसे असतात. मग चषकाच्या सामन्यात सुरुवातीपासून. त्यानंतर लीगमध्ये. ही पायरी गाळली की दोन गोष्टी बिघडतात. थेट पूर्ण ९० मिनिटांचा भार पडून मांडीचे आणि जांघेचे स्नायू दुखावतात, आणि ताकदीच्या बचावपटूने दोनदा आडवे केले की पोरगा चेंडू मागायचाच थांबतो.

आपण याच काळात काय केले? २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातली मुले 'इंडियन ॲरोज' या एका संघात एकत्र ठेवली आणि आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत उतरवली. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांत होता. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीविरुद्ध त्याने दोन गोल केले, तेव्हा इथल्या पेठापेठांत आनंद झाला होता. हेतू चांगलाच होता, मिनिटेही मिळाली. पण संघात सगळेच १७-१८ वर्षांचे. सामना चालू असताना 'इथे थांब, आता पळ, त्याला आत येऊ दे' असे ओरडून सांगणारा तिशीतला बचावपटू मागे नाही, आणि ड्रेसिंग रूममध्ये जागेसाठी लढावे लागेल असा अनुभवी प्रतिस्पर्धी नाही. सुफानतला हे दोन्ही रोज मिळत होते. २०२२ मध्ये ॲरोज बंदच झाला.

पुढचा टप्पा परदेशाचा. इथे पालकांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून नियम स्पष्ट सांगायला हवा. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत, आणि एशियातल्या मुलाला ते क्वचितच लागू पडतात. १८ खालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करारही करता येत नाही. तेव्हा १५-१६ वर्षांच्या मुलाला 'युरोपातल्या क्लबात घालतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर त्याच्या हाती फार तर सरावशिबिराचे पत्र पडणार, नोंदणी नव्हे. सुफानतच्या मागे एवढे नाव असूनही तो बेल्जियमला गेला तो २०२३ च्या उन्हाळ्यात, २१ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तेही लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना. ओएच ल्यूव्हेन या क्लबाची मालकी २०१७ पासून थायलंडच्या किंग पॉवर कंपनीकडे आहे, म्हणून तो दरवाजा उघडा होता.

तिथे त्याला नियमित जागा मिळाली नाही, आणि हंगाम संपल्यावर तो बुरीरामला परतला. हे अपयश म्हणून सोडून देऊ नये. लोनवर आलेला खेळाडू चमकला तरी मोठी किंमत त्याच्या मूळ क्लबाला मिळते, त्यामुळे दोघे तुल्यबळ असतील तर प्रशिक्षक स्वतःच्या क्लबाचा पोरगा खेळवतो. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला बेल्जियममध्ये कायद्याने ठरलेले किमान वेतन द्यावे लागते, म्हणून 'हळूहळू तयार होईल' असे म्हणण्याइतका वेळ त्याला कुणी देत नाही. त्यात राष्ट्रीय संघाची प्रत्येक हाक म्हणजे ब्रुसेल्स ते बँकॉक ११-१२ तासांचा विमानप्रवास, तेवढाच परतीचा, घड्याळात पाच-सहा तासांचा फरक आणि परत आल्यावर चुकलेला सराव.

तरीही त्याच हंगामात, २१ मार्च २०२४ रोजी, विश्वचषक पात्रता सामन्यात सोलच्या स्टेडियममध्ये सोन ह्युंग-मिनच्या गोलमुळे दक्षिण कोरिया पुढे असताना ६१ व्या मिनिटाला सुफानतने जवळून चेंडू जाळ्यात ढकलला आणि सामना १-१ सुटला. असा गोल दिसायला सोपा असतो. पण आक्रमण दुसऱ्या कडेने चालू असताना चेंडूकडे न पळता गोलसमोरच्या मोकळ्या जागेकडे पळायचे, आणि एक क्षण उशिरा पळायचे, हे अंगात मुरायला शेकडो सामने लागतात. ते त्याने बुरीराममध्ये कमावले होते.

युरोपाचे हे आकर्षण थायलंडलाही नवे नाही. २००७ मध्ये थायलंडचे माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबाचे मालक असताना थीरासिल दांगदासह तीन थाई खेळाडू करारबद्ध झाले. ब्रिटनचा कामाचा परवाना मात्र मिळाला नाही, कारण त्या वेळी खेळाडूचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या ७० त असणे आणि त्याने देशाचे ७५ टक्के सामने खेळलेले असणे, या अटी होत्या. त्यांना स्वित्झर्लंड आणि बेल्जियमच्या क्लबांत पाठवावे लागले. सिटीकडून अधिकृत सामना एकालाही खेळता आला नाही.

थाई खेळाडूंचे खरे बस्तान बसले ते जपानमध्ये. उंची १५८ सेंटिमीटर असलेला चनाथिप सोंगक्रासिन २०१७ मध्ये कोन्साडोले साप्पोरोत गेला. पुढच्याच वर्षी आठ गोल करून तो जे-लीगच्या सर्वोत्तम अकरांत आला, आणि साप्पोरो चौथ्या स्थानावर पोहोचला. थीराथोन बुन्मथनने २०१९ मध्ये योकोहामा एफ. मारिनोसकडून लीग जिंकली. सुफानतचा भाऊ सुफाचोकही २०२२ मध्ये साप्पोरोलाच गेला. गुणवत्ता होतीच, पण तिच्या जोडीला नियमही होता. जे-लीगने थायलंडसह काही आशियाई देशांशी भागीदारी केली आहे आणि त्या देशांचे खेळाडू परदेशी म्हणून मोजले जात नाहीत. सामन्याच्या चमूत परदेशी खेळाडूंच्या जागा पाच. त्या ब्राझीलच्या आघाडीवीरांना आणि कोरियाच्या बचावपटूंना लागतात. भागीदार देशाचा खेळाडू यांतली एकही जागा न अडवता संघात बसतो. भारताचे नाव या देशांत नाही, त्यामुळे आपल्या मुलाला थेट त्या ब्राझिलियनशी स्पर्धा करावी लागते.

आणखी एक गोष्ट आमच्या कोल्हापुरातल्या, फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालीम मंडळांसाठी. खेळाडूची रक्कम देऊन आंतरराष्ट्रीय बदली झाली की त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे असतात: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. मुलगा १२ ते १७ या वयात एकाच मंडळाकडे असेल तर चार हंगामांचा एक टक्का आणि दोन हंगामांचा एक टक्का, मिळून दोन टक्के. एक कोटीच्या बदलीत दोन लाख रुपये, म्हणजे मंडळाच्या चेंडू-बुटांचा प्रश्नच मिटला. पण हे मिळते ते अधिकृत नोंदणी असेल तरच. मुलगा पाच वर्षे मंडळाच्या जर्सीत खेळला आणि नोंदणी वरिष्ठ संघात आल्यावर झाली, तर त्याच्या पासपोर्टवर, म्हणजे फिफाच्या खेळाडू-नोंदीत, ती पाच वर्षे कोरी राहतात आणि पैसे हातचे जातात. तेव्हा १२ व्या वर्षीच जन्मदाखल्यासह नोंदणी करावी आणि दर हंगामाला ती नव्याने तपासावी.

भारतीय महासंघाकडे दोन मागण्या आहेत. जे-लीगच्या भागीदार देशांत समावेशासाठी बोलणी सुरू करावीत. आणि वरच्या लीगचे वेळापत्रक हंगामाआधी पक्के व्हावे. जुलै २०२५ मध्ये आयएसएल ही आपली वरची लीगच स्थगित झाली, तेव्हा १८-१९ वर्षांच्या मुलांची जी मिनिटे गेली, ती विशीनंतर कुठल्याही शिबिरात भरून निघत नाहीत.

कळावे,
एक फुटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर