बाय, तुझ्या त्या दोन वाटांबद्दल

चि. बाय,

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. एम.ए.चं शेवटचं सेमिस्टर, आणि वर्गातली पोरं म्हणतात काउन्सेलिंग आता एआयच करणार, मग शाळेत काउन्सेलर होऊ की व्यसनमुक्तीत जाऊ, कुठलं काम टिकेल बाबा, असं तू विचारलंस आणि मी बघूया म्हणून फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय, मोठं झालं तरी पूर्ण वाच.

आधी शाळेचं. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स, अॅप्टिट्यूड टेस्ट, त्याचा रिपोर्ट, कॉलेजांची यादी, हे सगळं मशीन करणारच, शेजारच्या मुलानं तर मोबाईलला विचारूनच डिप्लोमा निवडला. तेवढा भाग गेला असं समज. पण जिच्या पोटात दर सोमवारीच दुखतं ती पोर टेस्टमध्ये सापडत नाही गे, तिला कुणीतरी वर्गातून बाहेर आणून शेजारी बसवावं लागतं, आणि तिनं घरातल्याच माणसाचं नाव घेतलं तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं, तिथे तिचा हात धरून माणूसच जाणार. मला काळजी वेगळीच आहे. उद्या मॅनेजमेंट म्हणेल अॅप घेतलंय, आता एकच काउन्सेलर पाच शाळा सांभाळेल. अमेरिकेत खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेनं २०२३ मध्ये माणसांची हेल्पलाईन बंद करायचं ठरवलं आणि टेसा नावाचा चॅटबॉट पुढे केला, तो जेवणाला घाबरणाऱ्या लोकांनाच वजन कमी करायचे सल्ले द्यायला लागला, शेवटी काढून टाकावा लागला. तर शाळेत तुझं भांडण मशीनशी कमी आणि खर्च वाचवणाऱ्यांशी जास्त असणार.

आता व्यसनमुक्ती. ही वाट मी आतून चाललोय. तू सहावीत होतीस, तुला किती आठवतं माहीत नाही आणि विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. पहिल्या दिवशी मी काउन्सेलरना सांगितलं, रोज दोनच पेग, आणि कालपासून तेही बंद. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला. मी हात टेबलाखाली धरून बसलो होतो. कप उचलता येईना. त्यांनी ते बघितलं आणि सेशन तिथेच थांबवून मला डॉक्टरकडे नेलं, कारण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. मोबाईलला मी 'कालपासून बंद' असं टाईप केलं असतं तर त्याला तेवढंच कळलं असतं, माझा घाम आणि थरथर त्याच्यापर्यंत कशी पोचणार.

तरी तुला खोटा धीर देणार नाही. आपल्या गोव्यातच संगथ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतून प्रयोग केला होता, २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात छापून आला, तुम्हाला शिकवलाच असेल. डिग्री नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन फार तर चार सेशन, आणि तीन महिन्यांनी १०० पैकी ३६ जणांचं पिणं आवाक्यात आलं, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६. मग कोणी म्हणेल, चार ठरलेली सेशन तर फोनही घेईल. काही प्रमाणात घेईल, मला तसं वाटतं. पण ते लोक माझ्यासारखे पूर्ण अडकलेले नव्हते, त्याच्या अलीकडचे होते, आणि समोर बसलेला काउन्सेलर इथलाच होता, गरज पडली तर घरी जाणारा.

आणि अजून एक, हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. गेल्या चवथीला घर भरलेलं होतं, सगळे झोपल्यावर तलप आली, तेव्हा मी चॅटबॉटशीच बोलत बसलो. दोन वाजता कोणाला उठवू? बरं वाटलं, खरंच, ती रात्र निघाली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात वायझेनबाउम नावाच्या कॉम्प्युटरच्या प्राध्यापकांनी एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम केला होता, आपलंच वाक्य उलटा प्रश्न करून विचारणारा, तरी त्यांच्या सेक्रेटरीनं त्यांना सांगितलं, जरा बाहेर जा, मला एकटीला बोलायचंय. म्हणजे माणूस मशीनपाशी मन मोकळं करतो, हे तू धरूनच चाल, तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी फोनशी बोलून आलेला असेल. पण सकाळी मी गेलो स्पॉन्सरच्या घरी, म्हणजे ग्रुपमधला आधी दारू सोडलेला, मला सांभाळणारा माणूस. त्यानं दार उघडलं, तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, ये, पेज घे.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला की एआयनं थेरपी करायची नाही, ऑफिसचं काम चालेल. आपल्याकडेही नोट्स, फॉलोअपचे फोन हे त्याच्याकडे जावं असं मला वाटतं, तुला माणसाकडे बघायला वेळ मिळेल.

मला विचारशील तर व्यसनमुक्तीचं काम जास्त टिकेल, पण पगार कमी, आणि तीन-तीनदा बरा झालेला माणूस पुन्हा पिऊन समोर येतो तेव्हा मोडायला होतं. ते झेपेल की नाही हे पुस्तकातून कळणार नाही. पुढच्या रविवारी आमच्या दारू सोडलेल्यांच्या ग्रुपची ओपन मीटिंग आहे, घरच्यांना येता येतं. माझ्याबरोबर चल. मी बोलणार आहे, तू सहावीत होतीस तेव्हाचंच, आणि तू समोर असलीस तर पूर्ण बोलेन.

शनिवारी कदंबाने ये, स्टँडवर न्यायला येतो.

तुझा,
बाबा